समोरच तर होतं

मागच्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या आमच्या पुतण्याने माझ्या फोनमध्ये डोकावून विचारलं, "चाची, ये भी कोई गेम है?" फोनवर एका पडक्या वाड्यातली खोली होती. जाळी लागलेलं झुंबर, अर्धवट उघडी पेटी, पिंजऱ्यात घुबड, आणि खाली बारा वस्तूंची यादी. अकरा मी शोधल्या होत्या. बारावी, चांदीची किल्ली, राहिली होती. हा मुलगा स्वतः रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कानांवर हेडफोन चढवून अनोळखी माणसांवर गोळ्या झाडत बसतो. तो खेळ, आणि माझा तो बायकांचा टाइमपास! तेव्हा मी त्याला काही बोलले नाही, कारण किल्ली सापडायची होती. आता बोलते.

खरं तर माझं भांडण एकट्या पुतण्याशी नाही. त्याच्यासारखे लोक या खेळाला कमी लेखतात ते परवडलं. त्याहून वाईट ते, जे हा खेळ बनवतात आणि ज्यांना स्वतःलाच कळलेलं नाही की आम्ही तो का खेळतो. त्यांना वाटतं, आम्ही जादूच्या महालांना भुलतो. नाहीतर त्यांना वाटतं, आम्हांला बक्षिसं हवी असतात. नाणी, हिरे, चकचकीत बागा. दोन्ही चूक. मी हे ठामपणे सांगू शकते, कारण या खेळाचं शिक्षण मला फोन हातात येण्याच्या कितीतरी आधी, नया बाजारातल्या आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर मिळालं आहे.

मी सांगलीची. लग्न होऊन ग्वाल्हेरला, लष्करात आले. खाली कापडाचं दुकान, वर घर, आणि जिना असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. पहिल्याच आठवड्यात सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मा, म्हणाल्या, "बहू, दाल शोध लो." मी डाळ शोधायला लागले. फडताळं उघडली, डबे खाली काढले, कोठीची खोली पालथी घातली. अर्ध्या तासाने जाऊन सांगितलं, "अम्मा, नहीं मिली." डाळ त्यांच्या पुढ्यात परातीत होती. अख्खं घर हसलं. इकडच्या दिगंबर घरांत धान्य शोधणं म्हणजे निवडणं. दाणा अन् दाणा नजरेखालून घालायचा, किडा, अळी, सोंडा काही जीव असेल तर अलगद बाजूला काढायचा. मुनींच्या आहारासाठी जो चौका लावतात त्यात तर 'शोध का भोजन' हा शब्दच आहे. माझ्या माहेरीही हे सगळं होतं, पण आम्ही त्याला निवडणं म्हणायचो. एका क्रियापदाने माझी फजिती केली खरी, पण पुढे तीस वर्षं तेच क्रियापद मला पुरलं.

परात खिडकीशी न्यायची, कारण नया बाजारातल्या घरांत उजेड येतो तो रस्त्याच्या बाजूनेच. मूठभर डाळ पसरायची, बोटांनी एकेक पट्टा पुढे सरकवायचा. सुरुवातीला मी किडा शोधायची आणि तो दिसायचा नाही. अम्मांनी सांगितलं, किडे को मत ढूँढ, दाल को देख. म्हणजे काय ते समजायला मला वर्ष लागलं. एकसारख्या दाण्यांवर नजर स्थिर झाली की जे त्यांतलं नाही ते आपसूक वर येतं. रंग तोच असला तरी हालचाल वेगळी, हालचाल नसली तरी सावली वेगळी.

ॲन ट्रीझमन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. 1980 साली त्यांनी आणि गॅरी गेलाड यांनी एक सिद्धांत मांडला, तो मी फार उशिरा वाचला आणि परातीसमोर बसल्यासारखं वाटलं. हिरव्यांच्या गर्दीत एकच लाल वस्तू असेल तर ती डोळ्यांत उडी मारून येते. गर्दी दहाची असो की शंभराची, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. पण लाल गोल, लाल चौकोन आणि हिरवे गोल यांच्या घोळक्यात हिरवा चौकोन शोधायचा असेल, तर लक्ष एकेका वस्तूवर न्यावं लागतं, आणि गर्दी वाढेल तसा वेळ वाढतो. रंग आणि आकार यांची सांगड घालायला लक्ष खर्च होतं, असं त्यांचं म्हणणं. चांगला वस्तू-शोध खेळ नेमका या दोहोंच्या मधल्या पट्टीत राहतो. काही वस्तू उडी मारून येतात, त्यांनी हात सुरू होतो, धीर येतो. काही वस्तू नजरेला कामाला लावतात. आणि शेवटची एक अशी असते की तिच्यावरून चार वेळा नजर गेलेली असते. ती दिसते तेव्हा तोंडातून एकच वाक्य निघतं: अरे, समोरच तर होतं!

या वाक्यात सगळा आनंद आहे. खेळ चांगला की वाईट, हे मी याच वाक्यावरून ठरवते. वस्तू सापडल्यावर 'समोरच तर होतं' असं वाटलं तर खेळ प्रामाणिक. 'हे कसं दिसणार होतं?' असं वाटलं तर खेळ लबाड. काळ्या पडद्यावर काळी कात्री ठेवायची, पेल्याचं फक्त बूड कपाटाआडून दाखवायचं, मुंगीएवढी सुई छताच्या कोपऱ्यात टोचायची, याला लपवणं म्हणत नाहीत. लपवणं म्हणजे उघड्यावर ठेवणं, पण तिथे असं ठेवणं की ती दुसरंच काही वाटावी. दोरीच्या वेटोळ्यात साप, शिडीच्या पायऱ्यांत बासरी, पडद्याच्या चुणीत पंख. मार्टिन हँडफर्डचं वॉली शोधायचं पहिलं पुस्तक 1987 साली आलं. त्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा स्वेटर घातलेला वॉली कशाच्याही मागे गडप झालेला नसतो. त्याच्याभोवती तसेच लाल-पांढरे पट्टे विखुरलेले असतात, इतकंच. मुलं त्या पुस्तकांवर का तुटून पडली ते यात आहे. चित्र शब्दाला जागतं.

शब्दाला जागण्यावरून आठवलं. हे बहुतेक खेळ इंग्रजीत असतात, आणि यादीत 'बो' असं लिहिलेलं असतं. आता बो म्हणजे केसांची फीत, धनुष्य, की सारंगीचा गज? मी तिन्हीवर बोट ठेवून पाहते. 'बॅट' म्हणजे वटवाघूळ की चेंडूफळी? 'नेल' म्हणजे खिळा की नख? काही खेळ हे मुद्दाम करतात आणि ते मला आवडतं, कारण तिथे कोडं शब्दात शिरतं. मराठीत कुणी असा खेळ केला तर 'पान' या एका शब्दावर अख्खी खोली रचता येईल: झाडाचं, पुस्तकाचं, विड्याचं, जेवायला मांडलेलं. पण मशीनने केलेल्या हिंदी भाषांतरात धनुष्य शोधायला सांगतात आणि सापडते फीत! तिथे माझा संताप होतो. मी हरले म्हणून नाही. मला खोटं सांगितलं म्हणून.

आता जादूच्या महालांचं. अद्भुत कशाला हवं, साधं स्वयंपाकघर का चालत नाही, असं पुतण्याने पुढे विचारलंच. त्याला काय माहीत, साध्या घरात हरवलेल्या वस्तूबरोबर एक आरोप चिकटलेला असतो. दुकानाची किल्ली सापडत नाही म्हटलं की जिन्याच्या खालून आवाज येतो, कुणी ठेवली होती, कुठे ठेवली होती, तुझं लक्ष कुठे असतं. घरात बायको सोडून सगळ्यांना वस्तू हरवायची मुभा, आणि शोधायची जबाबदारी तिची एकटीची. चेटकिणीच्या वाड्यात किल्ली हरवली तर तो माझा दोष नसतो. तिथे मी शोधणारी असते, हरवणारी नसते. हा फरक लहान वाटतो त्यांनी महिनाभर आमचं घर चालवून बघावं.

दुसरं, चांगल्या अद्भुत खेळात सापडलेल्या वस्तूला काम असतं. पोलंडमधल्या आर्टिफेक्स मुंडी या कंपनीच्या खेळांत हे बऱ्यापैकी सांभाळलेलं असतं. सापडलेली वस्तू पिशवीत जाते आणि पुढे कुठलंतरी दार तिच्यावाचून उघडत नाही. उलट कित्येक खेळांत काय असतं, तर तुतारी, अननस, बूट, बुद्धिबळातला घोडा आणि सफरचंद यांचा ढिगारा. राजकन्येच्या महालात हे कुणी आणून टाकलं? पंचवीस वस्तू शोधल्यावर हाती एक हातोडी देतात आणि बाकीच्या चोवीस गायब. असल्या खोलीला मी कबाडीचं दुकान म्हणते. माझ्या मते अद्भुताला सामान्य घरापेक्षा जास्त शिस्त लागते. आमच्या इथल्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी आहे. रुळांवरून फिरत ती पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेत असे, आणि तिच्यावरची सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे. मद्याचं मला काही कौतुक नाही. पण ती सुरई आणि ती गाडी एकमेकींना बांधलेल्या आहेत, एकीला हात लावला की दुसरीचं काहीतरी होतं. खेळ रचणाऱ्याने हे शिकावं. त्यासाठी कावळे बसलेला विलायती वाडाच हवा असं काही नाही.

ग्वाल्हेरला तर लपलेल्या वस्तूची सगळ्यांत मोठी गोष्टच आहे. गंगाजळी हा शब्द वर्तमानपत्रं परकीय चलनाच्या साठ्याला रोज वापरतात. इथे तो शब्द उच्चारला की म्हातारी माणसं किल्ल्याकडे बघतात. शिंद्यांचा खजिना किल्ल्याच्या तळघरांत होता आणि तिथे पोचायची खूण, बीजक, फक्त गादीवरच्या माणसाला ठाऊक असायची, बापाने ती मुलाला तोंडी द्यायची, असं सांगतात. 1858 मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला तो 1886 पर्यंत. त्याच वर्षी जयाजीराव वारले, तेव्हा माधवराव अवघे नऊ वर्षांचे. बीजक सांगायचं राहून गेलं. पुढे मोठेपणी माधवरावांचा म्हणे किल्ल्यात एकदा पाय घसरला, त्यांनी आधाराला खांब धरला, तो खांब कलला आणि वाट उघडली.

इथे सगळे ऐकणारे वा वा म्हणतात. मला ही गोष्ट इथेच फसल्यासारखी वाटते. पाय घसरून खजिना सापडला तर शोधणाऱ्याने काय केलं? एखाद्या खेळात असं घडलं तर मी तो खेळ फोनमधून काढून टाकीन. राजाला खजिना मिळाला, पण तो त्याला सापडला नाही. आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत ते उगीच नाहीत. मिळतं ते दैवाने किंवा दुसऱ्याच्या मर्जीने. सापडतं ते डोळ्यांना. सोंगट्या, कवड्या, सापशिडी हे सगळे मिळण्याचे खेळ. आपल्या जैनांची ज्ञानबाजी, ती चौऱ्याऐंशी घरांची, गुजरात-राजस्थानात पर्युषणात खेळत. तिचा पट मला फार सुंदर वाटतो, पण मोक्षापर्यंत चढायचं ते शेवटी कवड्यांच्या दानावर. वस्तू-शोधात दान नाही. जे आहे ते सगळं पहिल्या क्षणापासून मांडलेलं आहे, राणीला आणि मोलकरणीला सारखंच.

त्याच किल्ल्यावर एक खरा खेळ आहे. पूर्वेच्या चढावर चतुर्भुज मंदिर लागतं, अगदी छोटं, एका खडकात कोरलेलं. आतल्या भिंतीवर इसवी सन 876 चा शिलालेख आहे. फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी 270 हात, देवाला रोज 50 माळा, असा व्यवहाराचा मजकूर. आणि त्या 270 व 50 मधलं शून्य हे जगातल्या सगळ्यांत जुन्या कोरीव शून्यांपैकी एक. माझ्या बहिणीची मुलं सांगलीहून आली तेव्हा त्यांना तिथे नेलं. म्हटलं, शोधा. अक्षरं ओळखीची वाटतात आणि वाचता येत नाहीत. दोघं नाक भिंतीला लावून ओळीमागून ओळ बघत होती, धाकटीने कुठलातरी खड्डा शून्य म्हणून दाखवला, मोठ्याने तो खोडून काढला. तेवढ्यात कुलूप उघडून देणाऱ्या गृहस्थांनी मदत म्हणून बोट ठेवलं, "यह रहा." झालं. मुलं दोन सेकंद पाहून बाहेर पळाली. त्या माणसाचा हेतू चांगला होता. पण दाखवलेलं शून्य आणि सापडलेलं शून्य एक नसतं. उरवाई घाटीतले पन्नास फुटांहून उंच आदिनाथ कुणी दाखवावे लागत नाहीत, त्यांच्यापुढे नुसतं उभं राहायचं असतं. शून्याचं तसं नाही. ते बारीक आहे, म्हणूनच शोधायचं आहे.

हे बोट ठेवणारे गृहस्थ आता प्रत्येक फोनमध्ये बसवलेले आहेत. दहा सेकंद तुम्ही काही दाबलं नाही की वस्तू स्वतःच लुकलुकायला लागते. तुम्हांला कंटाळा आला असेल, अशी त्यांची समजूत. अहो, मी बघते आहे! बघताना हात थांबतो. थांबलेला हात म्हणजे रिकामं डोकं, हा हिशेब कुणी केला?

आणि याच गृहस्थांचा एक सख्खा भाऊ गल्ल्यावर बसतो. फोनमधल्या बऱ्याच खेळांत आता 'एनर्जी' असते. चार-पाच खोल्या शोधल्या की ती संपते; मग तासन्‌तास थांबा, नाहीतर पैसे भरा. मी भरले. नाव घेत नाही, कारण चूक माझीही होती. एकदा 89 रुपये, मग पुन्हा 89, मग 'फक्त आज' म्हणून 249. दोन महिन्यांत दोन हजारांच्या वर गेले, आणि तेही नेमके भाद्रपदात, जेव्हा सकाळी मंदिरात दशलक्षणाचं प्रवचन ऐकत होते. बँकेचा निरोप यांच्या फोनवर गेला म्हणून उघडकीला आलं. कोथिंबिरीचे दहा रुपये वहीत लिहिणारी बाई मी. यांनी काही म्हटलं नाही, वही मिटून माझ्यापुढे ठेवली, ते जास्त लागलं.

नंतर मी विचार केला की पैसे नक्की कशाचे गेले. आनंदाचे नाहीत. आनंद सुरू असताना मला कधीच पैसे द्यावेसे वाटले नाहीत. दार बंद केल्यावर दिले. शिवाय त्या खेळात शोधणं दिवसेंदिवस कमी होत गेलं आणि जमवणं वाढत गेलं. तीच खोली पाचव्यांदा, तारे मिळवायला. तारे कशाला, तर नाणी मिळवायला. नाणी कशाला, तर बागेत कारंजं मांडायला. परिग्रहाचं परिमाण आम्हांला लहानपणापासून शिकवलेलं असतं, किती वस्त्रं, किती भांडी याची मर्यादा बांधायची. फोनमधल्या कारंज्यांची मर्यादा बांधायचं कुणाला सुचणार! आणि या खेळाचा मूळ गुण तर हाच होता की सापडलेली वस्तू माझी होत नव्हती. सापडली की यादीतलं नाव पुसलं जायचं आणि खोली थोडी मोकळी व्हायची. परातीत जसा सोंडा सापडला तर तो कुणी साठवत नाही.

यावर म्हणतात की मग चित्र काढणाऱ्यांनी खायचं काय? बरोबर आहे, त्यांनी उपाशी का राहावं. 2005 साली अमेरिकेतल्या बिग फिशने 'मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल' काढला आणि हा प्रकार घराघरांत गेला, तेव्हा कॉम्प्युटरवर एक तास फुकट खेळायचं आणि आवडला तर एकदाच किंमत देऊन विकत घ्यायचा, असा त्यांचा रिवाज होता. पुस्तक चाळावं आणि घ्यावं तसा. मी आता तसेच खेळ घेते, पूर्ण किंमत देऊन, आणि वहीत लिहिते. त्यांतल्या बऱ्याच खेळांत लुकलुक बंद करायची सोयही असते. ती मी पहिल्यांदा शोधते.

ती सोय मला जास्त लागते ती अम्मांसाठी. अम्मा ऐंशीच्या पुढे आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याने कमी दिसतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या शोधलेल्या तांदळात अळी निघाली. कुणी बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून परात माझ्याकडे आली आणि त्या खिडकीशी नुसत्या बसायला लागल्या. मग एका दुपारी मी टॅब्लेट घेऊन शेजारी बसले, मोठी खोली उघडली आणि यादी हिंदीत वाचून दाखवली. इंग्रजी अक्षर त्यांना येत नाही, चेटकीण कोण, शाप कुणाचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्या चित्राकडे तशाच बघतात जशा डाळीकडे बघायच्या, डावीकडून पट्टे पाडत. मला फार पुढे पुढे केलेलं चालत नाही. एकदा लुकलुक चालू राहिली होती, पेला चमकला, तर मान फिरवून म्हणाल्या, "इसने बता दिया," आणि त्या दिवशी पुन्हा खेळल्या नाहीत.

दिवाळीत पुतण्याने तो प्रश्न विचारला तेव्हा मी एकटी नव्हते, अम्मा शेजारीच होत्या. चांदीची किल्ली मला सापडत नव्हती. मी टॅब्लेटवर तीच खोली मोठी करून पुतण्याच्या हातात दिली, म्हटलं, तू शोध. तो हसत बसला. पेटी पाहिली, झुंबर पाहिलं, चित्र उलटसुलट केलं. पाच मिनिटांनी हसणं थांबलं. "हिंट कहाँ है?" मी म्हटलं, बंद आहे. खालून दोनदा जेवायला हाक आली. तो उठेना. अम्मा भिंतीला टेकून त्याच्या खांद्यावरून बघत होत्या, आणि घुबडाच्या पिंजऱ्यापाशी त्यांची नजर जरा थांबून पुढे गेलेली मी पाहिली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.